आधी हवा, मग डिझेल

बुऱ्हाणपूर,
सोमवार, दुपार

प्रिय वैजयंती,

फोनवर मी 'हो', 'नाही' आणि 'बरं' यांच्या पलीकडे जात नाही, ही तुझी तक्रार पॉलिटेक्निकच्या पहिल्या वर्षापासूनची आहे. ती खरी आहे, म्हणून हे पत्र. कागदावर मला क्रमाने बोलता येतं. पीथमपूरहून रजा घेऊन आले ती अजून इथेच आहे. इंजिनांच्या टेस्ट सेलमधल्या सहकाऱ्यांची समजूत आहे की आमच्या घरी लग्न आहे. मी ती दुरुस्त केली नाही. एका जुन्या ट्रकचं इंजिन उघडायला जाते असं खरं कारण दिलं असतं, तर साहेब म्हणाले असते, मग इथे रोज काय उघडतेस?

ट्रक अर्थातच योगेंद्रदादाचा. दहा चाकी, सहा सिलिंडरचा, आणि डिझेलचा पंप अजून मेकॅनिकल, म्हणजे हातात स्क्रू-ड्रायव्हर असलेला कुणीही त्याची ताकद वाढवू शकतो असा. वर्षानुवर्षं लोकांच्या गाड्या चालवून दादाने ही एक स्वतःची गाडी उभी केली. माझा पगार घरी येतो, पण घर चालतं ते तिच्यावर. तापीकाठची केळी भरायची आणि ती पिवळी पडायच्या आत उत्तरेच्या मंडीत उतरवायची, एवढंच तिचं काम. ही गाडी दुसऱ्यांदा बसली असती तर दादाला पुन्हा परक्याच्या गाडीची किल्ली हातात घ्यावी लागली असती. हे आधी सांगते, म्हणजे पुढचं सगळं तुला नुसती मिस्त्रीगिरी वाटणार नाही.

ती पहिल्यांदा कशी बसली हे नेपानगरला तुमच्या मिलच्या कॉलनीपर्यंत पोहोचलं होतं, त्यामुळे लपवण्यात अर्थ नाही. फक्त नीट सांगते. मागच्या वर्षी दादाने सिंधीपुऱ्यातल्या सुकलाल मिस्त्रीकडून पंप 'खोलून' घेतला. इकडच्या ड्रायव्हरांचा हा शब्द. पंप खोलला की इंजिनाला डिझेल जास्त मिळतं आणि गाडी घाट जोरात चढते. धूर काळा झाला की ड्रायव्हर खूश होतात, ताकद दिसते म्हणतात. तो धूर म्हणजे हवा कमी पडल्याने नीट न जळलेलं डिझेल असतं. त्याने आतली उष्णता वाढत जाते आणि ती सोसायला ना रेडिएटर मोठा केलेला असतो, ना गॅस्केट भक्कम. दादाची गाडी केळी भरून असीरगडच्या घाटात चढत होती. पाण्याचा काटा वर सरकला. त्याने तो पाहिला. पण आमच्या लोकांत एक रीत आहे, ती तुला ठाऊक नसेल. भरलेली गाडी असीरगडच्या चढावर थांबवायची नाही. जो थांबवेल त्याला लोडिंगच्या जागेवर नवं नाव मिळतं आणि ते नाव गाडी विकली तरी जात नाही. एकाला अजून 'आरामखुर्ची' म्हणतात. दादा थांबला नाही. गॅस्केट उडालं, सिलिंडरांवरच्या हेडला तडा गेला, पाणी तेलात उतरलं. केळी हातोहात दुसऱ्या गाडीत भरावी लागली आणि त्यातली बरीच काळी पडली. नंतर दादा सगळ्यांना सांगत फिरला की मिस्त्रीने पंप वाईट खोलला. मिस्त्री सांगत होता की गाडी वाईट चालवली.

कसंबसं इंजिन पुन्हा बांधून त्याने वर्ष काढलं. या उन्हाळ्यात एका व्यापाऱ्याने त्याला दिल्लीचा कायमचा फेरा देऊ केला. अट वेळेची होती, आणि घाटात रांगत चढणाऱ्या गाडीला ती पाळणं जमणार नव्हतं. तेव्हा त्याने मला फोन केला. टर्बो मोठा बसवू, पंप खोलू, बाकी इंजिन मजबूत आहे, तू फक्त आकडे सांग. मी आकडे सांगितले. तू हे शिकलेली आहेस, पण ड्रॉइंगच्या टेबलावर बसून आता बरीच वर्षं झाली, म्हणून थोडक्यात लिहिते. टर्बो जास्त हवा कोंबणार, म्हणजे सिलिंडरमधला दाब वाढणार. तो दाब हेडला वर ढकलणार, म्हणजे गॅस्केट आणि हेड आवळून धरणारे स्टड वरच्या प्रतीचे हवेत. दाबलेली हवा गरम होते, म्हणजे ती थंड करणारा इंटरकूलर मोठा हवा. पिस्टनला खालून तेलाचा फवारा हवा, म्हणजे ऑइल पंप आणि ऑइल कूलर आलाच. एवढी ताकद चाकांपर्यंत नेताना जुनी क्लचप्लेट घसरणार. आणि जी गाडी वेगाने चढते ती तितक्याच वजनाने पलीकडे उतरते, तेव्हा ब्रेक. हे मी मनाने रचलेलं नव्हतं. याच इंजिनाचा जास्त ताकदीचा प्रकार कंपनी स्वतः विकते. दोन्हींचे सुटे भाग शेजारी ठेवून पाहिले की कुठे कुठे बदल करावा लागतो ते कंपनीनेच सांगून ठेवलं आहे. आपण तेवढंच करायचं, परिवहन कार्यालयात रीतसर नोंद करायची, आणि क्रम पाळायचा: आधी हवा, मग डिझेल.

मी घरी पोहोचले त्या दिवशी जेवताना भांडण झालं. दादा म्हणाला, घोड्याचा खुराक वाढवायचा तर तू तबेलाच नवा बांधायला सांगतेस. मी म्हटलं, घोडा असता तर तू मला बोलावलं नसतंस, जनावरांच्या डॉक्टरकडे गेला असतास. आई हसली आणि दादा जास्तच चिडला. त्याचा मुद्दा मात्र खोटा नव्हता. केळीचा हंगाम तोंडावर होता. एवढं काम म्हणजे गाडी आठवडेच्या आठवडे मिस्त्रीच्या अंगणात उभी, आणि तोवर त्याची लोडिंगची पाळी दुसऱ्याला. टर्बो आणि पंप एवढंच केलं तर परवा गाडी रस्त्यावर. त्याने विचारलं, निदान अर्धं सामान बदलून चालेल का, अर्धं पुढच्या वर्षी. मी म्हटलं, काहीच वाढवू नकोस, आहे तशी चालव, तेही मला मान्य आहे. पण वाढवायचं तर सगळं. मधला मार्ग तू घाटात करून पाहिला आहेस. तो ताटावरून उठून गेला. दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या सकाळी अंगणात खडखड ऐकू आली म्हणून बाहेर आले, तर त्याने स्वतःच रेडिएटर उतरवून जमिनीवर ठेवला होता. माझ्याकडे न बघता म्हणाला, "पान्हा दे."

बाकीचं काम घरी होण्यासारखं नव्हतं. मला वाटलं तो दुसरा कुणी मिस्त्री शोधेल. तो मला घेऊन सिंधीपुऱ्यात गेला, सुकलालकडेच. तिथे तीन-चार ड्रायव्हर चहा पीत बसले होते. त्यांच्या समोर दादा म्हणाला, "मिस्त्री, मागच्या वेळी गाडी मी तापवली होती. तुमच्या पंपाला मी उगाच नाव ठेवलं." सुकलालने हातातली फिल्टरची जाळी पुसून खाली ठेवली. मग त्याने दोन चहा वाढवून सांगितले आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "ताई, पंप खोलायले अर्धा तास लागते. त्याच्यापायी तू पूरं इंजिन खाली उतरवते." मी म्हटलं, हो. तो म्हणाला, "चल मग, उतरवू." वैजयंती, मी दादाच्या जागी असते तर दुसरा मिस्त्री शोधला असता. हे मी तेव्हाच मनात नोंदवलं.

कामाचे दिवस बरे गेले. सुकलालचा हात चांगला आहे, इंजिनाचा आवाज ऐकून कुठला सिलिंडर बिघडलाय ते तो सांगतो. पण स्टड आवळताना मी जोर मोजणाऱ्या टॉर्क-पान्ह्याखेरीज हात लावू दिला नाही. तो म्हणायचा, माझा हातच काटा आहे. मी म्हणायचे, असेल, पण पाचव्या स्टडला तो दमतो. यावर आमचं रोज व्हायचं आणि रोज चहावर मिटायचं. दादा सामान पुसून हातात देत होता, मधूनच विचारत होता, हे कशाला, ते कशाला. एरवी तो गाडीबद्दल प्रश्न विचारत नाही, उत्तरं देतो. एकाच गोष्टीवर दोघांनी मिळून माझी थट्टा केली. मी केबिनमध्ये आणखी एक काटा बसवला, टर्बोच्या आधी इंजिनातून निघणाऱ्या धुराचं तापमान दाखवणारा. पाण्याचा काटा उशिरा बोलतो, हा आधी बोलतो. सातशे अंशांवर सुकलालने लाल रंगाची रेघ ओढली आणि म्हणाला, "घ्या, इंजिनाला थर्मामीटर लागला, आता सलाईनची बाटली तेवढी टांगा." दादा म्हणाला, चढावर रस्ता बघू की तुझा काटा बघू. मी म्हटलं, तू बघितलं नाहीस तर बाकी सगळं सामान व्यर्थ आहे. काटा मात्र बसला.

त्या दिवसांत मला एकदा तुझी आठवण आली, ती लिहिते. आपल्या दोघींची रेल्वे चुकली होती आणि दादा कुणाच्या तरी ट्रकमधून आपल्याला सोडायला निघाला होता, मला आठवतं, तुलाही आठवत असेल. तू दोनदा म्हणालीस, हळू चालवा. तो हसला आणि आणखी जोरात हाकू लागला. मग तू म्हणालीस, मला उतरायचं आहे. तो थांबला नाही. चांदनीजवळ रेल्वेचं फाटक बंद होतं म्हणून गाडी थांबली, आणि तू दार उघडून, दप्तर घेऊन, एक शब्द न बोलता स्टेशनाकडे चालायला लागलीस. घरी पोहोचल्यावर दादा एवढंच म्हणाला, तुझी मैत्रीण डोक्याने तेज आहे. त्यानंतर तो तुझ्याविषयी माझ्याकडे कधी थेट बोलला नाही. पण नेपानगरचा विषय निघाला की तो उठून पाणी प्यायला जातो, हे आईच्याही लक्षात आलं आहे.

गाडी तयार झाली. पहिला माल खकनारच्या बाजूच्या उखर्डूकाकांच्या बागेतला. दादा त्यांचा माल पहिल्यापासून नेतो, त्यामुळे गाडीचं नवं इंजिन म्हणजे त्यांच्या घरचंच कार्य होतं. त्यांनी बंपरच्या दोन्ही बाजूंना केळीचे खांब बांधले. आपल्याकडे हंगामाच्या पहिल्या गाडीला बांधतातच. शिवाय या वेळी हौसेने पुढच्या जाळीवर केळीची आख्खी पानं एकावर एक लावून सुतळीने घट्ट आवळली, नव्या नवरीने पदर घ्यावा तशी. त्यांच्या घरच्या धुरपदाकाकूंनी गाडीला ओवाळलं, आईने नारळ फोडला. मी तिथेच उभी होते. त्या हिरव्या पदरामागे मी स्वतः बसवलेला इंटरकूलर आहे आणि त्याला वारा हवा, हे मला सुचलं नाही. पीथमपूरच्या टेस्ट सेलमध्ये इंजिनाची कुणी पूजा करत नाही.

मी दादाशेजारी बसून निघाले. बुऱ्हाणपूर मागे टाकेपर्यंत गाडी इतकी हलकी चालत होती की दादा शीळ घालायला लागला. मी एक गोष्ट मनाशी ठरवली होती: घाटात तोंड उघडायचं नाही. मी पीथमपूरला परत जाणार, रोज काही मी शेजारी नसणार. सामान मी तपासलं होतं. चालवणारा तपासायचा राहिला होता. लाल रेघेला काटा टेकला तरच बोलायचं, त्याआधी नाही.

चढ लागला. पहिल्या वळणाला गाडीने असं ओझं उचललं की मागच्या वर्षीच्या गाडीशी तिचं काही नातं नसावं. धूर जवळजवळ नव्हता. आमच्या मागेच दादाचा जोडीदार निलेश त्याची गाडी घेऊन होता. मागे पडत चालला होता. दादाचा चेहरा मी बघितला. वर्षभरात तो तसा दिसला नव्हता. आणि मग काटा वर निघाला. सहाशेवर स्थिर राहायला हवा होता, तो सहाशे वीस, चाळीस, साठ असा चढत राहिला. मी मनात एकेक भाग उघडून पाहत होते, कुठला नळ सुटला, कुठली पकड ढिली राहिली. मला उत्तर सापडत नव्हतं. काटा सहाशे ऐंशीवर आला. वर माथा दिसत होता. फार तर दोन वळणं. मागच्या वर्षी गाडी बसली ती याच टप्प्यावर. मी दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसले होते, कारण ते मला न विचारता काहीतरी करतील अशी भीती वाटली.

दादाने पाय उचलला. गिअर खाली घेतला, डावीकडे रुंद जागा होती तिथे गाडी काढली आणि थांबवली. मला काही विचारलं नाही, माझ्याकडे पाहिलंही नाही. इंजिन लगेच बंद केलं नाही. टर्बो थंड होईपर्यंत ते तसंच हळू फिरत ठेवायचं, हे मी त्याला एकदाच सांगितलं होतं. मग चाकाला दगड लावला आणि पुढे गेला. मागून हॉर्न सुरू झाले. निलेश शेजारून चढताना खिडकीतून ओरडला, "काय योगीभाऊ, बहिणीला घाट लागला का?" त्याच्या मागच्या दोन गाड्यांमधूनही हसणं ऐकू आलं. दादा तितक्याच मोठ्याने म्हणाला, "बहीण बरी आहे. काटा वर गेला, म्हणून मी थांबलो."

पानं त्यानेच शोधली. वाऱ्याच्या दाबाने ती जाळीला ओल्या फडक्यासारखी चिकटली होती, मागे कणभर हवा जात नव्हती. त्याने ती ओरबाडून फेकली नाहीत. सुतळी सोडवली, पानं एकावर एक नीट लावली, कपाळाला टेकवली आणि रस्त्याकडेच्या झाडाखाली ठेवली. बाजूचे खांब तसेच राहू दिले, ते कुणाच्या आड येत नव्हते. काटा खाली यायची आम्ही वाट पाहिली. तो आला. मग उरलेली वळणं गाडी सहाशेला धरून चढली आणि मी हात मांडीखालून काढले. माथ्यावर त्याने उखर्डूकाकांना फोन लावला. मला वाटलं चिडेल. तो म्हणाला, काका, पुढच्या वेळी पानं कडेला बांधा, मधोमध गाडीचं नाक असतं. आणि हसला.

निलेश त्या फेऱ्यात आमच्या आधी पोहोचला. आमचा माल मागून उतरला, पण हिरवा, टणक आणि अख्खा उतरला, आणि दिल्लीचा फेरा दादाकडेच राहिला. लोडिंगच्या जागेवर त्याला नाव मिळालं ते मिळालंच. आता त्याला सगळे 'थर्मामीटर' म्हणतात. काल मी डबा द्यायला गेले तेव्हा कुणीतरी लांबून तशी हाक मारली आणि दादाने "बोल" म्हणून मान वर केली. सुकलालकडे दोन जण येऊन विचारून गेले की त्या काट्यासकट सगळं सामान बसवायला किती दिवस लागतात. तो त्यांना सांगतो, ताईची रजा संपायच्या आत या.

आता हे सगळं तुला का लिहिलं ते. तुझ्या बाबांनी, रघुनाथकाकांनी, तुझ्यासाठी दादाच्या स्थळाला अजून हो म्हटलेलं नाही. गेल्या महिन्यात तू फोन केलास आणि म्हणालीस की बाबांचं काय व्हायचं ते होवो, तुला स्वतःला एक गोष्ट कळायला हवी, आणि मी ती बहीण म्हणून सांगू नये. काहीतरी चुकतं आहे असं दिसलं, तर हा माणूस आपणहून थांबतो का? मी 'कळवते' म्हणून फोन ठेवला. तुला वाटलं असेल मी टाळलं. तसं नव्हतं, मला तेव्हा उत्तर माहीत नव्हतं आणि जे मोजलेलं नाही ते मी सांगत नाही. आता माहीत आहे. थांबतो. माथा समोर दिसत असताना, मागे ओळखीच्या गाड्या असताना, चारचौघांत हसं होणार हे ठाऊक असताना आणि शेजारचं माणूस गप्प बसलेलं असताना थांबतो. मी शेजारी होते, म्हणून हे लिहून देते आहे. मला त्याचा किती अभिमान वाटला ते मी त्याला बोललेले नाही, आमच्या घरात तशी पद्धत नाही. तुमच्या दोघांच्या घरात तू ती पाड.

तुझीच,
भूमिका